विद्यार्थी बेपत्ता झाला तर: पोलीस ठाणं आणि कॉलेज काय करतं, आपण काय करायचं

बेपत्ता माणसाची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं, असा नियम भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. तरीही हे वाक्य ठाण्याच्या टेबलावर, वसतिगृहाच्या ऑफिसात आणि नातेवाइकांच्या तोंडी सारखं ऐकू येतं, आणि त्यापायी सगळ्यात मोलाचे तास हातचे जातात. फोनची बॅटरी त्याच तासांत संपते. एसटी त्याच तासांत जिल्हा ओलांडते. ज्या वॉचमनने त्याला शेवटचं पाहिलं, त्याची पाळी संपून तो घरी जातो.

महाराष्ट्रात शिकणाऱ्या मुलामुलींचे पालक, त्यांचे रूममेट आणि नव्याने नेमलेले रेक्टर यांना डोळ्यांसमोर ठेवून इथे क्रमाने सांगितलं आहे: काय करायचं, पोलीस आणि कॉलेज आपापल्या बाजूने काय करतात, आणि गाडी कुठे अडते.

सगळ्यात आधी जन्मतारीख

पुढचा सगळा तपास एका गोष्टीवर ठरतो: विद्यार्थी १८ वर्षांचा पूर्ण झालाय की नाही. अकरावी-बारावीची बहुतेक मुलं सज्ञान नसतात, आणि पदवीच्या पहिल्या वर्षातलीही कितीतरी मुलं सतराच्या घरात असतात. ‘कॉलेजचा मुलगा’ म्हटलं की ठाण्यात आणि कॉलेजात दोन्हीकडे तो सज्ञान धरला जातो. दहावीच्या सर्टिफिकेटवरची किंवा जन्मदाखल्यावरची तारीख बघा आणि त्याची प्रत सोबत न्या.

वय १८ च्या आत असेल तर नुसती ‘मिसिंग’ची नोंद पुरेशी नाही, गुन्हा दाखल व्हायला हवा. बचपन बचाओ आंदोलन या बालहक्क संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केलं की बेपत्ता मुलाची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असं धरून तपास करायचा. आज हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७(२) खाली, बहुतेक वेळा अज्ञात इसमाविरुद्ध, नोंदवला जातो. जुन्या दंड संहितेत पालकांच्या ताब्यातून पळवून नेण्यासाठी मुलग्याची वयोमर्यादा १६ आणि मुलीची १८ होती; आता दोघांनाही १८ आहे. मुलगी स्वतःच्या मर्जीने गेली असेल, चिठ्ठी लिहून गेली असेल, वाढदिवसाला महिनाच उरला असेल, तरी ती कायद्याने बालकच. ‘पळून गेली असेल, येईल परत’ हे एफआयआर नाकारायचं कारण होऊ शकत नाही.

सज्ञान विद्यार्थी असेल तर पोलीस आधी मिसिंग दाखल करतात. म्हणजे ठाण्याच्या मिसिंग रजिस्टरला नोंद होते, तिला नंबर पडतो आणि चौकशी एका अंमलदाराकडे दिली जाते. हा एफआयआर नव्हे. पण हिंसा, धमकी, खंडणीचा फोन, डांबून ठेवल्याचा संशय, रॅगिंग असं दखलपात्र (कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकतात अशा) गुन्ह्याकडे बोट दाखवणारं काहीही समोर आलं, तर एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच तसं सांगितलं. म्हणून तुमच्याकडची संशयाची माहिती तोंडी न सांगता अर्जात लिहा. तोंडी सांगितलेलं कागदावर येईलच याची खात्री नसते.

ठाण्यात जाण्यापूर्वी

घरच्यांनी आणि मित्रांनी कामं वाटून घ्यावीत. सगळे मिळून एकाच वेळी शोधायला बाहेर पडले की घरी किंवा खोलीवर कुणी उरत नाही आणि फोन उचलणारं माणूस ठरत नाही. एक जण खोलीवर, एक जण फोनवर, दोघं ठाण्यात, इतकी वाटणी पुरते.

खोलीत गेलेल्याने काही उचलायचं नाही, आवरायचं नाही. फक्त बघायचं आणि फोटो काढायचे. काय नेलंय आणि काय मागे राहिलंय, यावरून बरंच कळतं. चार्जर, कपडे, आधार कार्ड आणि मूळ सर्टिफिकेटं नेली असतील तर जाणं ठरवून झालेलं असू शकतं. पासपोर्ट जागेवर नसेल तर ते पोलिसांना त्याच क्षणी सांगा. परदेशात मोठ्या पगाराच्या नोकरीच्या आमिषाने तरुणांना म्यानमार, कंबोडियाकडे नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणं गेल्या काही वर्षांत पुढे आली आहेत. फोन, पाकीट, चष्मा, रोजची औषधं सगळं खोलीतच असेल, निरोपासारखा मेसेज किंवा चिठ्ठी असेल, तर ही जिवाच्या धोक्याची खूण समजायची आणि दुसरं काहीही करण्याआधी ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावायचा. ११२ वर नुसतं ‘मुलगा बेपत्ता आहे’ म्हणू नका. ‘जिवाला धोका आहे, या या कारणाने’ असं म्हणा, शेवटचं ठिकाण सांगा आणि फोन करणाऱ्याचा नंबर चालू ठेवा.

विद्यार्थ्याला मेसेज एकच पाठवा आणि तो शांत असू द्या: ‘तू सुखरूप आहेस एवढं कळव. कुणी रागावलेलं नाही. घरी यायचं नसेल तर नको येऊस, पण एकदा बोल.’ त्याच्या बॅचच्या पन्नास जणांनी सलग फोन करू नयेत. बॅटरी संपते, आणि घाबरलेला मुलगा फोन बंद करून टाकतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही त्या मेसेजमध्ये द्या. तिथे चोवीस तास मराठीतही मोफत समुपदेशन मिळतं.

ठाण्यात: कोण, कुठे, काय लिहून

तक्रार कोणीही देऊ शकतं. रूममेट, रेक्टर, मेसचा मालक, कोणीही. ‘आईवडील आल्याशिवाय घेता येत नाही’ हे कॉलेजही म्हणतं आणि क्वचित ठाण्यातही ऐकायला मिळतं. त्याला आधार नाही. आईवडील गडचिरोलीहून पुण्याला पोहोचेपर्यंत एक अख्खी रात्र जाते.

शक्यतो जिथे विद्यार्थी शेवटचा दिसला त्या हद्दीच्या ठाण्यात जा, कारण सीसीटीव्ही आणि साक्षीदार तिथेच असतात. हद्दीचा वाद निघालाच तर एक लक्षात ठेवा: दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता तसं लिहिलेलंच आहे. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. बेपत्ता मूल १८ च्या आतलं असेल तर हे थेट लागू होतं, म्हणजे गावाकडचे पालक गावच्या ठाण्यातूनही एफआयआर देऊ शकतात आणि तो पुढे पाठवला जातो. सज्ञान व्यक्तीच्या साध्या मिसिंगला ते कलम जसंच्या तसं लागू पडत नाही. तिथे वाद घालत बसण्यापेक्षा अर्जावर पोच घ्यावी, ‘माहिती संबंधित ठाण्याला बिनतारी संदेशाने कळवावी’ अशी विनंती अर्जातच लिहावी, आणि दुसऱ्या कुणाला तरी योग्य ठाण्यात पाठवावं.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक ठाणे अंमलदाराकडे द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्यायची. वेळ लिहून घ्यायला विसरू नका. पुढे ‘पोलिसांना कधी कळलं’ हा प्रश्न निघाला की हीच एक ओळ कामाला येते.

अर्जात असाव्यात अशा गोष्टी:

- पूर्ण नाव, घरी आणि मित्रांत हाक मारतात ते नाव, जन्मतारीख, कॉलेज, वर्ग, खोली नंबर.
- उंची, बांधा, रंग, केस; तीळ, व्रण, गोंदण, दातांची ठेवण अशा न बदलणाऱ्या खुणा.
- शेवटचे कपडे, आणि पायांत काय होतं तेही. कपडे बदलता येतात, पण चप्पल-बूट बहुतेक जण तेच वापरतात.
- कोण, कुठे, किती वाजता शेवटचं भेटलं किंवा बोललं. ‘संध्याकाळी’ नको, ‘साधारण पावणेसात, मेसच्या दारात’ असं.
- दोन्ही सिमचे नंबर, हँडसेटचा आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), गाडी असेल तर तिचा नंबर, ईमेल, सोशल मीडियाची खाती, यूपीआय कुठल्या बँकेला जोडलंय ते.
- बोलता येणाऱ्या भाषा, चालू औषधं, आजार, आधी कधी निघून गेला असल्यास तेव्हा कुठे सापडला.

फोटो दोन लागतात: चेहऱ्याचा समोरून आणि पूर्ण उभा. लग्नातला नटलेला किंवा फिल्टर लावलेला फोटो देऊ नका. त्यावरून रेल्वे स्टेशनवरचा हमालही ओळखणार नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांतला, रोजच्या अवतारातला फोटो हवा. दाढी, चष्मा, केसांची लांबी आताची असावी.

जबाब नोंदवताना शेवटी बहुतेक वेळा एक ठरावीक वाक्य येतं: ‘माझा कोणावरही संशय नाही.’ दमलेला बाप त्यावर सही करतो आणि आठवड्याने काही आठवलं की तेच वाक्य त्याच्यासमोर धरलं जातं. संशय आहे की नाही हे अजून कळायचं असेल तर ‘सध्या सांगता येत नाही, माहिती मिळाल्यास पुरवणी जबाब देईन’ असं लिहायला सांगा. पूर्ण जबाब वाचल्याशिवाय, किंवा वाचून घेतल्याशिवाय, सही करू नका.

आणखी एक अवघड गोष्ट. घरातलं भांडण, प्रेमप्रकरण, नापास झालेला विषय, कर्ज, व्यसन, हे अब्रूच्या भीतीने लपवलं जातं. पोलीस मग पहिले दोन दिवस चुकीच्या दिशेला जातात. आईवडिलांसमोर रूममेट बोलणार नसेल तर त्याचा जबाब वेगळा घ्यायला सांगा. मुलीच्या मैत्रिणींना जबाबासाठी ठाण्यात खेटे घालावे लागू नयेत. साक्षीदार महिला असेल तर तिच्या राहत्या जागी जाऊन जबाब घ्यायची तरतूद कायद्यात आहे.

एफआयआर झाला असेल तर त्याची प्रत खबर देणाऱ्याला मोफत मिळते. मिसिंग असेल तर नोंदीचा नंबर, वर्ष, तपासी अंमलदाराचं नाव आणि मोबाइल घेऊनच बाहेर पडा.

नोंद झाल्यावर पोलीस काय करतात

साधारण क्रम असा असतो: आजूबाजूच्या ठाण्यांना आणि जिल्ह्यांना वर्णनासह संदेश, सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत नोंद आणि फोटो, रुग्णालयांत चौकशी, अनोळखी मृतदेहांच्या नोंदींशी पडताळणी, जबाब, सीसीटीव्ही, आणि फोनचे तपशील. १८ च्या आतल्या मुलांसाठी केंद्राच्या मिशन वात्सल्य पोर्टलवरही माहिती भरली जाते. अनोळखी मृतदेहाबद्दल विचारणा आली की घरच्यांना वाटतं पोलिसांनी आशा सोडली. तसं नसतं. ती पडताळणी पहिल्या दिवसापासूनच करावी लागते, आणि ‘आमचा नाही’ हे कळणंही तपासाचाच भाग असतो.

रेल्वेने गेल्याची शक्यता असेल तर शहर पोलिसांवर विसंबून राहू नका. रेल्वेचा आवार लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल यांच्याकडे येतो. मिसिंगचा नंबर सांगून रेल्वेच्या १३९ वर कळवा आणि स्टेशनवरच्या लोहमार्ग पोलिसांना फोटो नेऊन द्या. १८ च्या आतल्या मुलासाठी १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावरही कळवा.

गाडी अडते ती बहुधा इथे: मिसिंगचा तपास एका हवालदाराकडे असतो, त्याच्याकडे बंदोबस्त, समन्स आणि आणखी दहा कामं असतात. मुद्दाम हेळसांड होतेच असं नाही. पण तुम्ही दिलेली माहिती जितकी नेमकी, तितकं त्याचं काम हलकं. ‘साहेब, काही कळलं का?’ असं रोज विचारण्यापेक्षा ‘या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे आहे, मालकाने फुटेज राखून ठेवलंय, पत्र दिलंत की मिळेल’ असं सांगितलेलं जास्त कामी येतं.

फोन: काय होतं आणि काय बिघडतं

कॉल डिटेल्स (सीडीआर) आणि टॉवर लोकेशन मोबाइल कंपनीकडून फक्त पोलीसच मागवू शकतात, आणि ती मागणी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीने जाते. ओळखीच्या माणसाकडून ‘सीडीआर काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ते बेकायदा आहे आणि त्यात फसवणूकही होते.

टॉवर लोकेशन म्हणजे नकाशावरचा टिंब नव्हे. शहरात तो पट्टा काहीशे मीटरचा असतो, ग्रामीण भागात काही किलोमीटरचा. फोन बंद असेल तर शेवटचा टॉवर कळतो, आत्ताची जागा नाही. हे ठाऊक नसलं की घरचे त्या एकाच चौकात दोन दिवस शोधत बसतात.

आयएमईआय नंबर मिळवण्यासाठी धडपड करा. सिम फेकून दिलं आणि त्याच हँडसेटमध्ये नवं सिम घातलं, तर आयएमईआयवरून नवा नंबर शोधता येतो. तो नंबर फोनच्या खोक्यावर आणि खरेदीच्या बिलावर असतो. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही द्या.

आता ज्या चुका चांगल्या हेतूने होतात त्या. हरवलेल्या फोनसाठी असलेल्या सरकारच्या संचार साथी सुविधेतून तो हँडसेट ब्लॉक करू नका. ब्लॉक केलेला फोन नेटवर्कवर येऊ शकत नाही, आणि आपल्याला तर तो यायला हवा आहे. त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम काढू नका; मूळ सिम तत्काळ बंद पडतं. रिचार्ज संपत आला असेल तर तुम्ही करा. बँक खातं गोठवू नका. एटीएम किंवा यूपीआयचा एखादा व्यवहार हा कित्येकदा पहिला धागा असतो. पालकांचा नंबर खात्याला जोडलेला असेल तर बँकेचे मेसेज तपासा आणि व्यवहाराची वेळ, रक्कम, दुकानाचं नाव जसंच्या तसं पोलिसांना द्या.

विद्यार्थ्याचा लॅपटॉप उघडा असेल तर त्यात खातं लॉग-आउट करू नका, पासवर्ड बदलू नका, काही डिलीट करू नका. गूगल खात्यावरून फोनचं शेवटचं ठिकाण दिसत असेल तर वेळेसह त्याचा फोटो काढा आणि लॅपटॉप तसाच तपासी अंमलदाराच्या नजरेस आणा. फोन दुरून लॉक करण्याचा किंवा त्यातला मजकूर पुसण्याचा पर्याय तिथेच शेजारी असतो; त्याला हात लावू नका.

ब्लॅकमेल, कर्जाची ॲपं, अश्लील व्हिडिओची धमकी यांचा वास आला तर त्या चॅटचे स्क्रीनशॉट नंबरासकट दिसतील असे घ्या. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावरही कळवा, आणि ठाण्यात हे वेगळं लिहून द्या, कारण मग प्रकरण नुसतं मिसिंग राहत नाही.

कॉलेजने काय करायचं असतं

कॉलेजची नेहमीची पहिली चाल म्हणजे आतल्या आत शोधणं. रेक्टर वॉर्डनला सांगतो, वॉर्डन मित्रांना विचारतो, प्राचार्यांना सकाळी कळवलं जातं, पालकांना दुपारी. संस्थेचं नाव पेपरात येईल ही भीती त्यामागे असते. आमचं ठाम मत आहे की हा क्रम उलटा हवा: रात्रीच्या हजेरीला विद्यार्थी नाही, फोन लागत नाही आणि रूममेटलाही ठाऊक नाही, हे तिन्ही जमलं की पालकांना त्याच वेळी फोन, आणि पालकांशी बोलून झाल्यावर लगेच ठाण्यात लेखी खबर. आतला शोध चालू ठेवायला कोणी अडवत नाही.

रेक्टरची पहिल्या रात्रीची कामं सांगायची तर सगळ्यात आधी सीसीटीव्ही. बहुतेक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी यंत्रं) १५ ते ३० दिवसांत जुनं फुटेज पुसून त्यावर नवं लिहितात. हार्ड डिस्क लहान असेल तर त्याहून लवकर. म्हणून शेवटच्या दिवसाचं, आणि शक्य तर आधीच्या दोन-तीन दिवसांचंही, गेट, जिना, पार्किंग यांचं फुटेज वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवा. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून बघा आणि फरक लिहून ठेवा. घड्याळ चाळीस मिनिटं मागे असेल आणि कोणी ते नोंदवलं नसेल, तर पुढच्या बसस्टॉपच्या कॅमेऱ्यात चुकीच्या वेळी शोध घेतला जातो आणि मुलगा ‘दिसलाच नाही’ असा निष्कर्ष निघतो. पोलिसांना फुटेज देताना लेखी मागणीपत्र घ्या, दिल्याची पोच ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते कोण देणार हे कॉलेजने आधीच ठरवून ठेवावं.

मग रजिस्टरं. गेटचं आऊट रजिस्टर, रात्रीची हजेरी, बायोमेट्रिकचा डेटा, मेसची नोंद, ग्रंथालय, वर्गातलं मस्टर. या सगळ्यांचे फोटो त्याच रात्री, वेळेसह. रात्रीची हजेरी न घेता सगळ्यांच्या नावापुढे खुणा केलेल्या असतील तर त्या तशाच राहू द्या आणि तसं पोलिसांना सांगा. नंतर पानं ‘नीट’ केली गेली की साध्या निष्काळजीपणाचं रूपांतर पुरावा बदलण्यात होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे विद्यार्थी नेमका कधी गेला हे कायमचं धूसर होतं.

खोलीला कुलूप घाला, रूममेटची सोय दुसरीकडे करा, आणि त्याला जबाबांच्या फेऱ्यांत एकटं सोडू नका. सोबत एखादे शिक्षक द्या. त्याच्यावर आरडाओरडा झाला की तो तोंड मिटून घेतो.

मागच्या तक्रारी उघडून बघणं हे काम कॉलेजं टाळतात. अँटी रॅगिंग समिती, अंतर्गत तक्रार समिती, समुपदेशक यांच्याकडे या विद्यार्थ्याने काही लिहून दिलं होतं का? फी थकली म्हणून नोटीस गेली होती का? हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिलं नव्हतं का? समुपदेशकाशी झालेलं बोलणं गोपनीय असतं हे खरं, पण जिवाला धोका दिसत असताना शोधाला लागेल तेवढी माहिती तपासी अधिकाऱ्याला द्यायलाच हवी. रॅगिंगचा गुन्हा दिसत असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत एफआयआर देण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखावर आहे. पालकांना स्वतंत्रपणे १८००-१८०-५५२२ या रॅगिंगविरोधी क्रमांकावर तक्रार देता येते.

पालकांनी कॉलेजकडे मागणी लेखीच करावी: ‘अमुक तारखेचं फुटेज आणि रजिस्टरं जपून ठेवावीत.’ फुटेज पालकांच्या हातात द्यायला कॉलेज नकार देऊ शकतं, त्यात इतर मुलामुलींचाही प्रश्न असतो. पण जपून ठेवायला नकार देण्याचं काही कारण नाही. अर्जाची एक प्रत तपासी अंमलदाराला द्या.

एकाच शिक्षकाला संपर्कासाठी नेमलं की पालकांची फरफट थांबते. बाकीच्यांनी माध्यमांशी आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलू नये.

पोस्टर आणि सोशल मीडिया

पोस्टर टाकण्यापूर्वी तपासी अंमलदाराशी बोला. कोणी जवळच्याने डांबून ठेवलं असण्याची किंवा खंडणीची शक्यता असेल तर जाहिरात घातक ठरते. टाकायचंच असेल तर त्यावर फोटो, वय, उंची, कपडे, शेवटचं ठिकाण, तारीख, मिसिंग नंबर आणि ठाण्याचा फोन. आईचा वैयक्तिक नंबर टाकला की पहिल्या रात्रीपासून ‘मुलगा आमच्याकडे आहे, इतके पाठवा’ असे फोन सुरू होतात. त्यासाठी एखादी खूण पोस्टरवरून मुद्दाम वगळा. पाठीवरचा व्रण, घरातलं लाडकं नाव असं काही. फोन करणाऱ्याला तेच विचारायचं. त्याने ते सांगितलं नाही आणि मुलाचा आवाज ऐकवला नाही, तर पैसे पाठवायचे नाहीत आणि नंबर पोलिसांना द्यायचा.

मानसिक आजार, प्रेमप्रकरण, नापास झाल्याचा उल्लेख पोस्टरवर कधीही नको. मूल परत आल्यावर त्याला त्याच कॉलेजात तोंड दाखवायचं असतं.

तपास हलत नसेल तर

आधी त्याच ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांना लेखी अर्ज, मिसिंग नंबर आणि राहिलेली कामं क्रमाने लिहून. मग आयुक्तालय असेल तिथे सहायक आयुक्त आणि उपायुक्त, जिल्ह्यात उपविभागीय पोलीस अधिकारी आणि अधीक्षक. गुन्हा दिसत असूनही एफआयआर नाकारला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली अधीक्षकांकडे पोस्टाने लेखी तक्रार पाठवता येते आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती जपा. न्यायालयात पहिल्यांदा तीच विचारतात.

१८ च्या आतलं मूल चार महिन्यांत सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यायचा असतो. चार महिने होत आले की तसा अर्ज तुम्हीच द्या.

उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारी याचिका) करा, असा सल्ला लगेच मिळतो. ती याचिका कोणीतरी बेकायदा डांबून ठेवलं आहे असं दाखवणारं काही हाती असेल तेव्हा टिकते. नुसता माणूस सापडत नाही एवढ्यावर न्यायालयं ती सहसा ऐकत नाहीत. कुठे डांबलंय हे ठाऊक असेल तर दंडाधिकाऱ्याकडून झडतीचं वॉरंट मिळवण्याचा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० मध्ये आहे, आणि तो जास्त जवळचा आहे.

सापडल्यावर

सज्ञान विद्यार्थी सापडला की पोलीस त्याचा जबाब घेतात. तो म्हणाला की मी माझ्या मर्जीने गेलो, मला घरी जायचं नाही, पत्ता सांगू नका, तर पोलीस पालकांना एवढंच सांगू शकतात की तो सुखरूप आहे. त्याला ओढून आणायचा अधिकार पोलिसांनाही नाही आणि आईबापांनाही नाही. सज्ञान मुलीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं असेल तरीही तेच. शफीन जहाँ प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा हा हक्क मान्य केला आहे. पालकांना हे ऐकणं फार जड जातं. तरी एक चिठ्ठी किंवा निरोप पोलिसांमार्फत देता येतो, आणि तो रागाचा नसला तर बोलणं पुन्हा सुरू व्हायला वाट राहते.

१८ च्या आतल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे चोवीस तासांच्या आत हजर करायचं असतं, प्रवासाचा वेळ सोडून. गरजेनुसार वैद्यकीय तपासणी आणि दंडाधिकाऱ्यासमोर जबाब होतो. मुलगा घरी यायला घाबरत असेल तर त्याने ते समितीपुढे मोकळेपणाने बोलावं, त्याच्या वतीने पालकांनी उत्तरं देऊ नयेत.

विद्यार्थी आपण होऊन परतला तरी ठाण्यात जाऊन मिसिंग बंद करून घ्या. नाहीतर नोंद उघडीच राहते आणि कुठेतरी कोणीतरी अजून शोधत असतं. पोस्टरं उतरवा, पोस्ट डिलीट करा, ज्यांनी पुढे पाठवली त्यांनाही कळवा.

कॉलेजने त्या दिवसांची गैरहजेरी शिस्तभंगाकडे न नेता वैद्यकीय रजेसारखी हाताळावी, बुडलेल्या परीक्षेबद्दल विद्यापीठाला पत्र द्यावं आणि खोली बदलून हवी असेल तर द्यावी. पहिल्या आठवड्यात रोज एकदा समुपदेशकाने किंवा ज्या शिक्षकाशी त्याचं जमतं त्यांनी त्याला भेटावं. ‘कुठे गेला होतास’ हे वर्गात, मेसमध्ये, कुणीही विचारू नये, आणि हे बाकीच्या मुलांना तो वर्गात यायच्या आधी सांगून ठेवावं.